डेमोची घरघंटी

"मानवजातीच्या इतिहासात क्रांत्या तीनच झाल्या. पहिली अग्नीचा शोध. दुसरी चाकाचा शोध. आणि तिसरी, एक अश्वशक्तीची, सहा जाळ्यांची, स्वयंचलित घरघंटी!"

एवढं बोलून वैजनाथ थांबला. इथं थांबायचं असतं. गेली एकोणीस वर्षं तो नेमका इथंच थांबत आला होता. तिन्ही क्रांत्या पचवायला माणसाला जरा सवड लागते. समोर देवणीचे माणिकप्पा खुर्चीत मान टाकून बसले होते. त्यांनी डोळे उघडले, वैजनाथकडे नीट पाहिलं आणि विचारलं,

"गॅसवाले का तुम्ही?"

देवणीचा डेमो तिथंच संपला. वैजनाथने व्हॅनच्या मागच्या दाराला फळी लावली, कपाटाएवढी घरघंटी फळीवरून वर ढकलली आणि लातूरचा रस्ता धरला. फळी नवी होती. पूर्वी फळी लागत नसे, कारण पूर्वी अयोध्या होती. "तू तिकडून धर" म्हटलं की ती तिकडून धरायची. ती गेल्यावर वैजनाथने फळी घेतली. घरघंटी चढवण्यापुरती फळीची काही तक्रार नव्हती.

अयोध्या वैजनाथची बायको, आणि डेमोतला निम्मा हिस्सा. कामाची वाटणी सरळ होती. वैजनाथ बैठकीत बसून घरच्या पुरुषमाणसांना क्रांत्या सांगायचा. अयोध्या आत स्वयंपाकघरात घंटी लावून ज्वारी दळायची आणि बायकांना भाकरी करून दाखवायची. तासाभराने घरची बाई बाहेर येऊन म्हणायची, "घेऊन टाकू या." आणि वैजनाथ समाधानाने पाणी प्यायचा. आपल्या भाषणाचा आवाज आतपर्यंत जातो, याचं त्याला मनातल्या मनात कौतुक होतं.

अयोध्या वारली त्याला अकरा महिने झाले होते. या अकरा महिन्यांत भाषणात एका शब्दाचाही बदल झाला नव्हता. विकल्या गेलेल्या घंट्यांच्या आकड्यात मात्र झाला होता. आता तो शून्य होता.

वैजनाथने प्रयत्न केले नाहीत असं कोणी म्हणू नये. मधल्या काळात तो लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एका मेसमधून गरम भाकरी घ्यायचा, कापडात गुंडाळायचा आणि "हे पाहा आमच्या पिठाचं रूप" म्हणून गिऱ्हाइकासमोर उलगडायचा. औशाला एका पोलीस शिपायाने ती भाकरी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाला, "ही गोलाईच्या मेसची हाय. मी तीन वर्षं खाल्ली." तेव्हापासून तो उपाय बंद झाला.

वैजनाथ ज्या दुकानाच्या घंट्या विकायचा, त्याचे मालक जहांगीरभाई म्हणजे भला माणूस. कठीण गोष्ट सांगायची असली की ते आधी चहा मागवत. त्या दिवशी त्यांनी चहाबरोबर खारीही मागवली, तेव्हाच वैजनाथने ओळखलं.

"वैजूभाऊ," जहांगीरभाई म्हणाले, "जमाना बदलला. लोक मोबाईलवर बघून राहिले, मोबाईलवरच मागवून राहिले. या महिन्यात एक जरी घंटी गेली तर ठीक. नाही तर ही गावोगावची लाईन बंद करू. व्हॅन काढून टाकू. तुम्ही बी आता आराम करा की घरी."

आराम हा शब्द ऐकून वैजनाथला घाम फुटला. त्याचं घर ज्या गल्लीत होतं, ती सगळी गल्ली डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांनी भाड्याने घेतली होती. जिन्यात, बोळात, नळावर, सगळीकडे पाट्या: 'शांतता राखा. अभ्यास चालू आहे.' टीव्हीचा आवाज दोन काड्यांनी वाढवला तरी वरून एक पोरगी खाली यायची आणि म्हणायची, "अंकल, प्लीज." एकदा त्याला खोकल्याची उबळ आली तेव्हाही ती आली होती. मुलगी राजकन्या सोलापूरला दिलेली. रविवारी तिचा फोन यायचा. "जेवलात का बाबा?" "जेवलो." "काय जेवलात?" "सगळं." एवढ्यावर आठवडा काढायचा. बाकीचे सहा दिवस माणसाशी बोलायचं तर घरघंटीचं निमित्त हवं होतं. लाईन बंद म्हणजे तेही गेलं. महिना संपायला चार दिवस होते.

आणि निलंग्याहून फोन आला.

"फुकट दाखिवतात म्हणं," फोनवर बाईचा आवाज होता. "शेजारीण म्हणली. पण मी घेणार न्हाई, आधीच सांगून ठेवते."

"घ्यायची नाही तर बघायची कशाला, मावशी?"

"मग फुकट कामून दाखिवता?"

वैजनाथने पत्ता लिहून घेतला.

बाईंचं नाव कावेरीबाई. वय चौऱ्याहत्तर. निलंग्याच्या कडेला प्लॉटिंगमध्ये दोन खोल्यांचं पक्कं घर, पुढे लोखंडी फाटक, बैठकीत चार प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यांतल्या तीन खुर्च्यांवर धूळ होती. वैजनाथने घंटी ढकलत आत आणली, घाम पुसला आणि नेहमीप्रमाणे विचारलं,

"घरात मोठं माणूस कोण?"

"मीच."

"तसं नाही. पुरुषमाणूस?"

"हायत की," म्हणून कावेरीबाईंनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. खाली लिहिलं होतं, कै. शंकरप्पा.

वैजनाथ क्षणभर अडखळला. पण एकोणीस वर्षांची सवय अशी फोटोला घाबरून जात नाही. त्याने एक खुर्ची झटकली, फोटोच्या समोर ओढली, घसा साफ केला आणि सुरुवात केली. "मानवजातीच्या इतिहासात..." अग्नी झाला, चाक झालं, घरघंटी झाली. मोटार तांब्याची, वीजखर्च किरकोळ. मुद्दा चौथा, ज्वारीचं पीठ पंधरा-वीस दिवसांवर गेलं की त्याचा चिकटपणा जातो, म्हणून लागेल तेवढं ताजं दळावं. मुद्दा पाचवा, आवाज कमी. शंकरप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये गॅसवाल्याची चौकशी केली नाही, जांभई दिली नाही. इतक्या वर्षांत असा श्रोता मिळाला नव्हता.

"ते न्हाई घ्यायचे काही," कावेरीबाई आतून ओरडल्या. "जित्ते होते तवाबी कधी घेतलं न्हाई. चहा ठिवलाय. आत ये की आता, का आरतीच करून येतोस?"

वैजनाथ घंटी ढकलत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. एकोणीस वर्षांत शेकडो घरं झाली होती, पण गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात त्याने पाऊल टाकलं नव्हतं. तो इलाखा अयोध्याचा. आत काय चालतं हे त्याला, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्याला गाभाऱ्यातलं कळावं, तेवढंच कळत होतं.

"ये की. गॅस काय चावतो?"

आत एका माणसाचा संसार होता. एक ताट, एक तांब्या, एक पातेलं. ओट्यावर टोस्टचा पुडा. कोपऱ्यात पिठाची पाकिटं रचलेली, वरची तीन न फोडलेली.

"सून धाडती पुण्याहून," कावेरीबाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. न्हाणीत पाय सरकला, मनगट मोडलं. पिलास्तर घातलं. मग ती म्हणली, आत्या, गिरणीत जाऊ नका आता, मी इथून बसल्या जागी धाडते. गुणाची हाय पोरगी. पण हात गेला तो गेलाच."

"म्हणजे?"

"भाकर न्हाई होत. थापली की चिरती. आधणाचं पाणी घालून बघितलं, काही उपेग न्हाई. पन्नास वर्षं ढिगानं भाकऱ्या केल्या, आन आता एक जमंना. म्हटलं, ऱ्हाऊ दे. टोस्ट खाते चहासंगं. दात कुठं हायत तसंबी."

हे त्यांनी पावसापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. वैजनाथने "हं" केलं. त्याचं लक्ष घंटीकडे होतं, कारण त्याच्यापुढे वेगळंच संकट उभं होतं. घंटीला जाळ्या सहा. गव्हाची कुठली, डाळीची कुठली, ज्वारीची कुठली, हे त्याला सांगता येईना. भाषणात 'सहा जाळ्यांची' एवढंच होतं. त्याने सहाही जाळ्या ओट्यावर मांडल्या आणि पत्ते लावायला बसल्यासारखा बघत राहिला. एका जाळीच्या कडेला लाल ठिपका होता. नखाला लावायच्या रंगाचा. राजकन्येच्या लग्नात ती बाटली घरात आली होती. अयोध्याने नखांना एकदाच लावून बघितलं होतं, आणि "मला नाही शोभत" म्हणून बाटली कपाटात ठेवली होती, असं वैजनाथला वाटत आलं होतं.

त्याने ठिपक्याची जाळी लावली. सोबत आणलेली ज्वारी ओतली. बटण दाबलं.

घंटी घुमायला लागली. आवाज कमी हा मुद्दा पाचवा खोटा होता. भिंतीवर शंकरप्पाही थरथरत असतील. कावेरीबाई मात्र खूश झाल्या. "बरं वाटतं," त्या ओरडून म्हणाल्या. "घरात कोणीतरी बोलून राहिल्यावाणी." पीठ पडलं. त्यांनी डब्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

"गरम हाय."

"आता भाकरी करून दाखवतो," वैजनाथ म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं. पण महिना संपायला तीन दिवस उरले होते. त्याने बाह्या सारल्या.

पुढची दहा मिनिटं मानवजातीच्या इतिहासात नोंदवावी अशी नव्हती. पाणी जास्त झालं, म्हणून पीठ घातलं. पीठ जास्त झालं, म्हणून पाणी घातलं. गोळा परातीला चिकटला, परात त्याच्या पोटाला चिकटली. शेवटी जे थापलं गेलं ते लातूर जिल्ह्याच्या नकाशासारखं होतं. तव्यावर टाकताना उदगीर वेगळं झालं. उलटताना औसा तव्यालाच राहिला.

कावेरीबाई हसल्या. आधी पदराआड, मग पदर सोडून. "अरे बाबा, लगीन झालंय का तुझं? बायकोनं कधी बघूबी दिलं न्हाई का?"

"मी बाहेर बसायचो," वैजनाथ म्हणाला. "बैठकीत."

"आन आता ती कुठं हाय?"

"नाही आता. अकरा महिने झाले."

कावेरीबाईंचं हसू थांबलं. त्यांनी त्याच्या हातातलं उलथणं काढून घेतलं. "सर," त्या म्हणाल्या. "बाजूला सर. चांगलं पीठ नासवून राहिलास. कुत्रंबी खाणार न्हाई हे."

"पण मावशी, तुमचा हात..."

"सर म्हणते ना."

त्यांनी पीठ घेतलं, मळलं, आणि थापायला लागल्या. पहिल्या चार थापांपर्यंत त्या बघत होत्या, कुठून चिरते ते. चिरली नाही. परातीत भाकरी फिरायला लागली तशा त्या बघायच्या थांबल्या. कडेपर्यंत गेली, गोल, एकसारखी. उचलून तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग आचेवर धरली. भाकरी टम्म फुगली.

कावेरीबाईंनी लगेच दुसरा गोळा घेतला. तीही फुगली. तिसरी. चौथी. वैजनाथने सवयीने तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटून घेतलं. दळलेलं सगळं पीठ संपेपर्यंत त्या थापत राहिल्या. एक ताट असलेल्या घरात सात भाकऱ्या झाल्या. मग त्यांनी गॅस बंद केला आणि मोडलेलं मनगट दुसऱ्या हाताने धरून बघितलं, उलटसुलट, हरवलेलं कुणी परत आणून द्यावं तसं.

"हात न्हाई गेला," त्या म्हणाल्या. "पीठ शिळं व्हतं."

"पंधरा-वीस दिवसांवर गेलं की चिकटपणा जातो," वैजनाथ म्हणाला. "मघाशी सांगितलं होतं मी. चौथा मुद्दा."

"कुणाला सांगितलंस? त्यांना?" कावेरीबाईंनी बैठकीकडे मान उडवली. "त्यांनी भाकर केलीय का कधी?"

त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठाने भरले होते. वैजनाथ त्या हातांकडे बघत राहिला. असे हात त्याने पाहिले होते, बावीस-पंचवीस गावांत. "घेऊन टाकू या" म्हणत बाहेर येणाऱ्या प्रत्येक बाईचे हात असेच भरलेले असत. आणि तिच्या मागून येणाऱ्या अयोध्याचे हात स्वच्छ, धुऊन पुसलेले. एकोणीस वर्षं हे त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं होतं. अयोध्या भाकरी करून दाखवत नव्हतीच. ती पीठ पुढे करायची आणि बाजूला सरायची. तो बाहेर अग्नीचा शोध लावत बसायचा तेव्हा.

हे तिने कधी सांगितलं नव्हतं. उलट घरी जाताना व्हॅनमध्ये म्हणायची, "आज छान बोललात."

"ही ठिव हितंच," कावेरीबाई म्हणाल्या.

"काय?"

"ही घंटी. घेते मी."

वैजनाथचा कानांवर विश्वास बसेना. मग भानावर येऊन तो म्हणाला, "ही डेमोची आहे मावशी. बारा वर्षं जुनी. हिला पोचे आलेत, बघा. परवा खोक्यातली कोरी आणून देतो. वॉरंटीसकट."

"खोक्यात काय हाय मला काय ठावं? ही मी डोळ्यानं बघितली. हिच्या पिठाची भाकर माझ्या हातानं झाली. मला हीच पायजे. न्हाई तर ऱ्हाऊ दे."

"अहो, नवी हिच्याहून चांगली असते."

"असल. तिच्यापाशी मी कुठं भाकर केली?"

एकोणीस वर्षांत वैजनाथला इतका बिनतोड मुद्दा सुचला नव्हता. तो बाहेर व्हॅनपाशी आला आणि जहांगीरभाईंना फोन लावला.

"देऊन टाका की!" जहांगीरभाई ओरडले. "तुमच्यासाठी नवा डबा फोडू. लाईन चालू!" मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. "थांबा. ती भाभींची ना?"

"हो."

"मग वैजूभाऊ... तुमच्या मनावर. मी काही बोलत नाही."

फोन ठेवून वैजनाथ उभा राहिला. व्हॅनचं मागचं दार उघडं होतं, आत नुसती फळी. नाही म्हटलं तर घंटी परत व्हॅनमध्ये, व्हॅन भंगारात आणि तो त्या पाट्यांच्या गल्लीत. बरं, घंटी घरी नेऊन ठेवली तरी तिथं ती लावायची कशी? पहिल्या दाण्यालाच वरून पोरगी खाली येईल. हो म्हटलं तर परवापासून पुन्हा गावं, उंबरे, चहा, कुणीतरी "गॅसवाले का" विचारणारं. आणि अयोध्याने अकरा वर्षं हात लावलेली वस्तू निलंग्याला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. कावेरीबाई घंटीसाठी जागा करत असाव्यात. माणूस हो म्हणणार हे त्यांनी धरूनच टाकलं होतं.

तो आत गेला. घंटी कोपऱ्यात सरकवून दिली, प्लगपाशी. पैशांचं बोलणं चार वाक्यांत उरकलं. मग त्याने जाळ्या एकेक करून समजावल्या, म्हणजे ज्या समजल्या होत्या तेवढ्या. एकच समजली होती.

"ज्वारीला ही. लाल ठिपक्याची. बाकीच्या शेजारणीला विचारा."

कावेरीबाईंनी जाळी डोळ्यांजवळ नेली. ठिपक्यावरून नख फिरवलं. "बरं केलंय. मला आकडे दिसत न्हाईत. कुणी लावला हा?"

वैजनाथने उरलेल्या पाच जाळ्या एकावर एक रचल्या.

"कंपनीकडूनच येतो," तो म्हणाला.

"शानी हाय कंपनी."

"होती," वैजनाथ म्हणाला. मग त्याने फोटोला नमस्कार केला, चपला घातल्या, परत काढल्या आणि आत येऊन उभा राहिला. कावेरीबाई सात भाकऱ्यांच्या चवडीपुढे बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"आता काय? अजून एखादा मुद्दा ऱ्हायला का?"

राहिला होता. आयुष्यभर आपण चुकीच्या खोलीत बोलत बसलो, हे कुणाला तरी सांगायचं राहिलं होतं. आज ते ऐकून घेणारं माणूस समोर होतं, आणि बोलण्यात तर वैजनाथचा हात धरणारा चार तालुक्यांत नव्हता. त्याने घसा साफ केला. योग्य तेवढा थांबला.

"मावशी," तो म्हणाला, "एक भाकरी बांधून देता का? मी केलेली नको."